खळ, नशा आणि विवेक

रत्नागिरीच्या जुन्या घरांतून आषाढ लागला की कपड्यांना खळ देणे बंद होते. तसा नियम कोणी लिहून ठेवलेला नाही. निसर्गच तो पाळायला लावतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, तेथे खळ दिलेले सुती लुगडे दोन-दोन दिवस वाळत नाही. त्याला आंबूस वास येतो आणि तिसऱ्या दिवशी घडीवर बुरशीचे ठिपके उमटतात. जैन घरांतून या व्यवहाराला आणखी एक आधार असतो. बुरशी, शेवाळ यांची गणना आपल्याकडे अनंतकायात होते. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक, म्हणून साधु-साध्वी विहार थांबवून एके ठिकाणी राहतात. मग गृहस्थाने निदान आपल्या कपाटात जीवोत्पत्तीला निमित्त देऊ नये, एवढे तरी करावे, असा त्यामागचा विचार असतो. वर्षा सरली, आश्विनातले ऊन पडले, की पुन्हा खळीचे पातेले चुलीवर चढते.

हा सारा हिशेब कोकणच्या पावसाशी बांधलेला आहे. पण जेथे आषाढ-श्रावणात पावसाचा थेंबही पडत नाही अशा देशात चातुर्मास घालवायचा प्रसंग आला तर? रत्नागिरीतील एका जैन कुटुंबातील वृद्ध दाम्पत्यावर असा प्रसंग आला आणि एका साध्या गृहकृत्यातून विचार करण्याजोगे बरेच काही निघाले.

पाच सुती साड्या

मुलगा दुबईत नोकरीला. सुनेचे दिवस भरत आलेले. तिच्या माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपणाला सासूबाईंनीच जायचे ठरले. त्यांच्याबरोबर अर्थातच बाबाही निघाले. आईंच्या पेटीत पाच सुती साड्या होत्या. रेशीम त्यांनी तरुणपणीच सोडले होते. रेशमाच्या धाग्यासाठी कोश उकळतात आणि आतला जीव मारला जातो, हे एका साध्वीजींच्या व्याख्यानात ऐकले, त्या दिवसापासून त्यांच्या अंगाला रेशीम लागले नाही. त्यामुळे सण असो, पूजा असो की लग्नकार्य असो, त्यांचा पोशाख एकच: स्वच्छ धुतलेली, खळ दिलेली, कडक इस्त्रीची सुती साडी. रेशमाला खळ लागत नाही; ते जात्याच तोऱ्यात असते. सुती साडीचा डौल मात्र खळीवर असतो. खळ नसेल तर ती दोन तासांत चुरगळते, निऱ्या विस्कटतात आणि नेसणारीला उगाच संकोचल्यासारखे होते.

दुबईत पहिल्या दोन आठवड्यांतच पाचही साड्या धुऊन निघाल्या. कपडे धुण्याच्या यंत्रातून बाहेर आल्या त्या लोळागोळा होऊन. तान्ह्या नातवाला पाहायला मुलाच्या कचेरीतील मंडळी येऊ लागली, तशा आई आतल्या खोलीत बसू लागल्या. विचारले तर म्हणायच्या, "बाळ झोपलंय, त्याच्याजवळ कोणी नको का?" खरे कारण सुनेच्या लक्षात आले. तिने भाबडेपणाने सुचवले की येथे न चुरगळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या साड्या मिळतात, एक-दोन घेऊ या. मुलगा म्हणाला, "आई, इथे कोण बघतंय तुझ्या साडीकडे?" दोघांच्या बोलण्यात प्रेमच होते. पण ज्या वयात घर, गाव, शेजार आणि देरासर एकदम सुटलेले असते, त्या वयात 'कोण बघतंय' हे वाक्य फार लागते. आई काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मला साडी नको. मला खळ पाहिजे."

'नशा' मागणारे बाबा

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मुलाबरोबर खाली उतरले. अमिरातीच्या शहरांत गल्लोगल्ली कपडे धुऊन इस्त्री करून देणारी दुकाने असतात. अरबीत अशा दुकानाला 'मग़सला' म्हणतात. गंमत अशी की, आखाती बोलीत कपडे धुणाऱ्याला 'दोबी' असाही शब्द आहे; आपला धोबी पिढ्यान्‌पिढ्यांच्या ये-जा करण्यातून तेथे स्थायिक झालेला आहे. दुकानात पांढऱ्याशुभ्र झग्यांच्या रांगा टांगलेल्या होत्या. अमिरातीत या झग्याला 'कंदुरा' म्हणतात, ओमानात 'दिश्दाशा' आणि सौदी अरबस्तानात 'थोब'. शेजारी डोक्यावर घ्यायच्या चौकोनी वस्त्रांची, म्हणजे 'गुत्र्यां'ची चळत होती. प्रत्येक गुत्रा खळ देऊन असा इस्त्री केलेला, की कपाळावर त्याला दिलेली घडी दिवसभर हलू नये.

बाबांना ते पाहूनच समाधान वाटले. खळीचे मोल जाणणारी माणसे येथेही आहेत, याची ती साक्ष होती. त्यांनी हिंदीत विचारले, कपड्याला कडकपणा आणणारे ते काय असते, ते मिळेल का? इस्त्री करणारा क्षणभर विचारात पडला आणि मग हसून म्हणाला, "नशा? नशा चाहिये?"

ज्यांनी उभ्या आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही, त्या बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुलाला मात्र हसू आवरेना. अरबीत 'नशा' म्हणजे पिष्ट, आपण ज्याला स्टार्च म्हणतो ते. मक्याचे पीठ ज्या डब्यात येते, त्यावरही हाच शब्द छापलेला असतो. हा शब्द अरबीत आला तो फारसीतील 'निशास्ता' वरून. गव्हाच्या सत्त्वाला फारसीत आणि उर्दूत निशास्ता म्हणतात. आपल्याकडे धुंदी या अर्थाने रूढ असलेल्या 'नशा' शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन निराळी कुळे, पण नाव एकच.

धुण्याचे इतर शब्द मात्र ओळखीचे निघाले. साबणाला अरबीत 'साबून' म्हणतात. कपड्यांना शुभ्रता आणणारी आपली नीळ अरबीतही 'नील'च आहे, आणि तो शब्द संस्कृतातून पश्चिमेकडे गेलेला आहे. व्यापाराच्या वाटेने माल जातो, तसे शब्दही जातात. जकात मात्र फक्त मालावर बसते.

जुने येणेजाणे

कोकण आणि आखात यांचा संबंध तेलाच्या पैशापेक्षा जुना आहे. मुंबईच्या मोती बाजारात बहारीनकडचे मोती येत आणि तेथील व्यापारात गुजराती जैन पेढ्यांचा मोठा वाटा असे. मुंबईहून निघणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत करीत बसऱ्यापर्यंत जात. या मार्गावरची 'द्वारका' ही अखेरची बोट १९८२ साली निवृत्त झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगावच्या, विशेषतः खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांतील कितीतरी कुटुंबे या समुद्राच्या आधाराने उभी राहिली; १९७० नंतर तेलाच्या भरभराटीत हा ओघ कितीतरी पटींनी वाढला आणि सर्व समाजांतील तरुण त्यात सामील झाले.

एक गोष्ट आज अनेकांना ठाऊक नसते. आखातातील बहुतेक छोट्या राज्यांत एकेकाळी भारतीय रुपयाच चलन म्हणून चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून भारताच्या परकीय गंगाजळीला गळती लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना 'गल्फ रुपी' म्हणत. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन सुरू केले. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा कतार आणि आजच्या अमिरातीनेही रुपयाची साथ सोडली. ओमानात तो १९७० पर्यंत टिकला. म्हणजे बाबा शाळेत पाढे म्हणत होते, त्या काळात दुबईच्या बाजारात रुपयांतच व्यवहार होत होते. दुकानदाराने दिर्‌हममध्ये सांगितलेल्या किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणणारे आजचे आईबाप ऐकताना हा इतिहास सुखावून जातो.

डब्यावर काय लिहिले आहे?

इस्त्रीवाल्याने फवाऱ्याचा डबा दाखवला. इस्त्री करताना कपड्यावर फवारायचा, लगेच इस्त्री फिरवायची. शिजवणे नाही, गाळणे नाही. तसाच एक डबा मुलाने मोठ्या दुकानातून आणला. आईंनी तो हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "हे कशाचं आहे?"

प्रश्न साधा होता, पण योग्य होता. पिष्ट अनेक वनस्पतींतून निघते. तांदूळ, गहू आणि मका ही धान्ये; बटाटा, टॅपिओका आणि आरारूट ही जमिनीखालची कंदमुळे. पाश्चात्त्य देशांत बटाट्याचे पिष्ट सर्रास वापरले जाते. आपल्याकडे अनेक घरांतून खळीसाठी वापरला जाणारा साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदापासूनच बनतो, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसते. शिवाय युरोपात एकोणिसाव्या शतकात कपड्याला चकाकी यावी म्हणून खळीत मेण आणि प्राण्यांची चरबी मिसळण्याची पद्धत होती. कापडगिरण्यांतही ताण्याला खळ देताना चरबी वापरली जाई. आज बहुतेक ठिकाणी कृत्रिम पदार्थांनी तिची जागा घेतली असली, तरी पूर्वानुभवाने सावध असलेले मन विचारणारच.

डब्यावर अरबी आणि इंग्रजीत लिहिलेले होते, पण पिष्ट कशाचे याचा उल्लेख नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, हे खायचं थोडंच आहे?" आई म्हणाल्या, "खायचं नाही, हे खरं. पण अंगावर घालून सामायिकाला बसायचं आहे. दुसरं मिळत असताना न कळणारं का घ्यायचं?"

यात हटवादीपणा नव्हता. अशा वस्तूच्या बाह्य वापराबद्दल शास्त्रात सरसकट निषेध आहे असे नाही आणि ज्यांना पर्याय नाही त्यांनी मन खट्टू करण्याचेही कारण नाही. पण जैन आचारात 'जयणा' या शब्दाला मोठे स्थान आहे. चालणे, बसणे, झोपणे, बोलणे, खाणे ही सारी कामे जपून, जाणीवपूर्वक करावीत, हा दशवैकालिक सूत्रातील उपदेश श्रमणांसाठी असला, तरी श्रावकाच्या घरातही त्याचा अंश उतरावा अशी अपेक्षा असते. जयणा म्हणजे नुसते 'नको' म्हणणे नव्हे. दोन मार्ग समोर असतील तर कमी हिंसेचा मार्ग शोधण्याचे कष्ट घेणे. आईंनी तेच केले. डबा बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "इथे तांदळाची पिठी मिळते ना?"

पातेल्यातील शास्त्र

बर दुबईतील भारतीय किराणा दुकानांत तांदळाची पिठीच काय, उकडीचा तांदूळही मिळतो. म्हणजे जी वस्तू अरबी नावाने शोधून सापडत नव्हती, ती घरच्याच डब्यात होती.

खळ ही वस्तुतः फार साधी रसायनविद्या आहे. पिष्टाचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. नुसते तरंगतात आणि तळाशी बसतात. पाणी सुमारे ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि दाट, पारदर्शक लापशी तयार होते. तीत भिजवलेला कपडा वाळला की धाग्यांभोवती पिष्टाचा पातळ थर राहतो. त्या थरामुळे कापड ताठ उभे राहते. दुसरा उपयोग असा, की धूळ आणि घाम धाग्यात न मुरता त्या थरावर बसतात. पुढच्या धुण्यात खळ निघते, तिच्याबरोबर मळही निघतो. म्हणजे खळ नुसती शोभेची नसून कपड्याचे आयुष्य वाढवणारी आहे.

तांदळाच्या पिष्टाचे कण सर्वांत बारीक, साधारण तीन ते आठ मायक्रॉनचे. बटाट्याचे कण शंभर मायक्रॉनपर्यंत मोठे असतात. बारीक कण धाग्यांच्या आत शिरतात, म्हणून तांदळाची खळ गुळगुळीत बसते. १८४० मध्ये इंग्लंडात ऑर्लँडो जोन्स याने तांदळातून पिष्ट वेगळे काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याच वर्षी हल शहरात आयझॅक रेकिट याने पिष्टाचा कारखाना घेतला. आपल्या घरोघरी पोहोचलेली रॉबिन नीळ ही पुढे त्याच घराण्याच्या कंपनीची. कोकणातल्या बायकांना मात्र तांदळाचा हा गुण पेटंटाची वाट न पाहता ठाऊक होता. भाताची पेज काढली की तिचा काही भाग पोटासाठी आणि काही कपड्यांसाठी, ही वाटणी कित्येक पिढ्या चालत आली.

आईंची कृती अशी: दोन मोठे चमचे तांदळाची पिठी अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायची. एक लिटर गाळलेले पाणी उकळत ठेवून त्यात ती धार धरून ओतायची आणि चार-पाच मिनिटे सतत ढवळायची. लापशी पारदर्शक झाली की उतरवून पातळ फडक्यातून गाळायची. त्यात आणखी तीन-चार लिटर पाणी घालून, साडी उलटी करून बुडवायची, हलके पिळायची आणि ताणून वाळत घालायची. गडद रंगाच्या साडीला खळ अधिक पातळ ठेवायची, नाहीतर पांढरे डाग उठतात. इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडून अर्धा तास गुंडाळून ठेवायची. आणि मुख्य म्हणजे, खळ लागेल तेवढीच करायची. रात्रभर ठेवायची नाही. शिजलेले पीठ रात्र उलटली की आंबू लागते, त्यात जीवोत्पत्ती होते. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवून काढलेल्या आंबूस चिकाची खळ छान होते असे पुष्कळ जणी सांगतात, पण आईंच्या घरात ती कधी वापरली गेली नाही, याचे कारण हेच.

वाळत घालण्याचा प्रश्न उरला. अमिरातीच्या शहरांत गॅलरीत कपडे वाळत घालण्यास नगरपालिकेची मनाई असते. सुनेने घडीची जाळी दिवाणखान्यात उघडली, पंखा लावला. बाहेर ऐन उन्हाळ्याची दमट हवा, आत वातानुकूलनाची कोरडी हवा. तीन तासांत साडी कागदासारखी खडखडीत वाळली. रत्नागिरीच्या श्रावणात जे कधी जमले नसते, ते येथे सहज जमले.

पर्युषणातील साडी

पर्युषणात शहरातील जैन कुटुंबे प्रतिक्रमणासाठी एकत्र जमत. संवत्सरीच्या संध्याकाळी आई पांढऱ्या काठाची साडी नेसून बाहेर आल्या. निऱ्या सरळ, पदर जागच्या जागी. सुनेने त्यांच्याकडे पाहिले आणि त्या आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपल्या सासूबाई रत्नागिरीतल्यासारख्या दिसल्या. प्रतिक्रमण झाल्यावर सर्वांनी एकमेकांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. मुलगा आईंच्या पायाशी वाकला आणि त्या औपचारिक शब्दांपुढे एवढेच म्हणाला, "कोण बघतंय म्हणालो होतो, त्याबद्दल." आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. गेल्या दीड महिन्यात त्या घरात साचलेले जे काही होते, ते त्या एका वाक्याने धुऊन निघाले.

परतीच्या आधी आईंनी आणखी एक काम केले. पाचही साड्या साध्या पाण्यात दोनदा खळबळून त्यांची खळ पूर्ण काढली आणि मगच पेटी भरली. सुनेला नवल वाटले. आईंनी सांगितले, की कसर खळीवर जगते. खळ दिलेला कपडा महिनोन्‌महिने घडी करून ठेवला, तर त्यात कसर होणारच. मग एक तर कपडा जातो, नाहीतर डांबराच्या गोळ्या घालून ते जीव जातात. दोन्ही टाळायचे तर आधी खळ काढावी. कपडा वापरात असताना खळ, विश्रांतीत असताना नाही.

आज त्या दुबईच्या घरात तांदळाच्या पिठीचा एक वेगळा डबा आहे. सुनेने त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे आणि नातू मोठा होऊन विचारील तेव्हा सांगायची गंमत म्हणून त्यावर मराठीत 'खळ' आणि त्याखाली देवनागरीतच 'नशा' असे लिहिले आहे. बाबा फोनवर अजून विचारतात, "नशा संपली की आहे?"

आपल्या आचार्यांनी क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय सांगितले. त्यांतील मान म्हणजे मनाला चढलेला ताठा. कपड्याची खळ पाण्याने निघते, मनाची निघायला संवत्सरी लागते. त्या संध्याकाळी एका घरात दोन्ही गोष्टी यथास्थित झाल्या: साडीला हवा तेवढा ताठपणा आला आणि माणसांतला नको तेवढा गेला.